सेकंडहँड बोटीवरून पृथ्वीप्रदक्षिणा

गेल्या रविवारी एक कोर्समेट घरी जेवायला आला. ताट यायच्या आधीच त्याने टेबलावर चार पानं ठेवली. एका वापरलेल्या शिडाच्या बोटीची जाहिरात आणि तिच्याबरोबर मिळणाऱ्या सामानाची यादी. बोट छत्तीस फुटी, फायबरग्लासची, 1982 ची. सध्या मलेशियात लंगकावीला उभी आहे. यादीत मोठं शीड एक, पुढची शिडं तीन, नांगर तीन, साठ मीटर साखळी, डिझेल इंजिन, सौर पॅनेल, वाऱ्यावर चालणारं सुकाणू-यंत्र, मुदत संपलेला लाइफराफ्ट आणि प्रेशर कुकर. सर्वात शेवटी एक सेक्स्टंट, त्याच्यापुढे कंसात 'शोभेसाठी'.

या गृहस्थाने गेल्या वर्षी मुदतीआधी निवृत्ती घेतली. गुरुग्रामला एका कंपनीत नोकरी करतो, ती त्याला मानवत नाही. कम्युटेशनचे पैसे हातात आहेत. मुलीचं कॉलेज अजून तीन वर्षं आहे. बायकोने एकच अट घातली: कुणातरी शहाण्या माणसाला विचार, मग घे. त्याने माझ्याकडे यावं हीच त्याच्या ओळखीपाळखीबद्दल काळजी करण्याची गोष्ट आहे. मी इन्फन्ट्रीचा माणूस. माझं सेलिंग म्हणजे एनडीएत पीकॉक बेवर निळ्या शिडाची एंटरप्राइज उलटी करून खडकवासल्याचं पाणी प्यायलो तेवढंच. पण वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जुन्या गोष्टी वाचता ना, मग सांगा, जुन्या बोटीने कुणी जग फिरून आलंय का?"

आलंय. आणि पहिले आले ते आपलेच, म्हणजे लष्कराचे. दिल्लीत बसून हे सांगताना थोडं हसू येतं, कारण इथून समुद्र खूप दूर आहे. शिडं पाहायची तर इथे यमुना होती. ओखल्याला, आग्रा कालव्यासाठी 1874 मध्ये घातलेल्या बंधाऱ्यामागे जे पाणी साठतं, त्यावर एकेकाळी सैन्यदलांचा सेलिंग क्लब चालायचा. साउथ ब्लॉकमधले साहेब लोक रविवारी सकाळी तिथे शिडं लावत. आज कालिंदी कुंजच्या पुलावरून जाताना खाली पांढरा फेस दिसतो आणि गाडीची काच वर करावी लागते. पण तृष्णा नावाच्या बोटीच्या फाइली हलल्या असणार त्या याच शहरात.

तृष्णाची गोष्ट आमच्या पिढीतल्या अधिकाऱ्यांनाही धड माहीत नाही. 28 सप्टेंबर 1985 ला कोअर ऑफ इंजिनियर्सच्या अधिकाऱ्यांची एक तुकडी या सदतीस फुटी बोटीतून मुंबईहून निघाली आणि 10 जानेवारी 1987 ला मुंबईला परत आली. मधले 470 दिवस आणि सुमारे 30 हजार सागरी मैल. शिडाच्या बोटीतून भारतीयांनी केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. ती नौदलाने नाही, पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या सॅपर्सनी केली. ले. कर्नल टी. पी. एस. चौधरी आणि ले. कर्नल के. एस. राव ही त्यातली दोन ठळक नावं. बाकीचे बहुतेक तरुण मेजर आणि कॅप्टन. टपाल खात्याने बोट परत आली त्याच सुमारास साडेसहा रुपयांचं तिकीट काढलं. माझ्या मामाच्या संग्रहात ते होतं आणि लहानपणी मला ती नौदलाची बोट वाटायची. खूप जणांना अजूनही वाटते.

आणि ही बोट सेकंडहँड होती.

परकीय चलनाला फेरा कायद्याचा फास होता तो काळ आठवा. परदेशी जाणाऱ्या माणसाला मोजके डॉलर मिळायचे. अशा वेळी खोल समुद्राची बोट नवी बांधून घ्यायची म्हणजे खर्च, वर्षं आणि शंका तिन्ही वाढणार. आपल्याकडे तेव्हा अशा बोटी बांधल्याही जात नव्हत्या. म्हणून सॅपर्सनी इंग्लंडमध्ये वापरलेली स्वान 37 घेतली. स्वान म्हणजे फिनलंडच्या नाउटर कंपनीची बोट. पेक्का कोस्केनक्युला नावाच्या माणसाने 1966 मध्ये हा कारखाना काढला आणि आराखडे मागितले ते न्यूयॉर्कच्या स्पार्कमन अँड स्टीफन्सकडे, त्या काळी या विषयात ज्यांच्यापुढे कुणी नव्हतं त्यांच्याकडे. 1973-74 मध्ये जगाभोवतीची पहिली व्हिटब्रेड शर्यत झाली, ती मेक्सिकोच्या रामोन कार्लिनने स्वान 65 घेऊन जिंकली, तीही नावाजलेल्या ब्रिटिश नौदलाच्या नाकावर टिच्चून. स्वान 37 हा 1970 च्या सुरुवातीचा नमुना. म्हणजे तृष्णा मुंबईहून निघाली तेव्हा तिच्या जातीची बोट दहा-पंधरा वर्षांची होती. आज माझा मित्र जी बोट बघतोय तिच्या मानाने तरुणच म्हणायची.

विकत घेतलेली बोट त्यांनी मालवाहू जहाजावर चढवून आणली नाही. तीच चालवत इंग्लंडहून मुंबईला आणली. माझ्या मते या मोहिमेतला सर्वात शहाणा निर्णय हाच. जुनी बोट पाहणाऱ्याला काय काय तपासता येतं? प्लास्टिकच्या हातोडीने अंगभर टकटक करून आवाज कुठे बद्द येतो ते ऐकायचं. पाण्याखालच्या भागावर फोड आलेत का बघायचं, कारण फायबरग्लास वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की आत पाणी शोषतं आणि फुगे धरतं. कीलचे बोल्ट, सुकाणूचा दांडा, डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा. या स्टेनलेस स्टीलच्या तारा बाहेरून चकचकीत असतात आणि टोकाला जिथे त्या साच्यात दाबलेल्या असतात तिथे आतून तडकतात. तिथे भिंग लावून बघतात. इतकं सगळं करूनही काही गोष्टी किनाऱ्यावर कळतच नाहीत. डेकचा कुठला सांधा नेमका झोपायच्या जागेवर गळतो, इंजिन तिरप्या बोटीत हवा ओढतं का, रात्री तीन वाजता शीड कमी करायला दोन माणसं पुरतात की तीन लागतात, हे समुद्रच सांगतो. इंग्लंडहून दक्षिणेला निघालं की सुरुवातीलाच बिस्केचा उपसागर लागतो आणि तो काही गोंजारत नाही. मुंबईला पोचेपर्यंत बोटीची आणि बोटीवरच्या माणसांची, दोघांचीही तपासणी झालेली होती. फौजेत आपण याला रेकी म्हणतो.

नाव तृष्णा ठेवलं हेही मला गमतीचं वाटतं. सगळ्या बाजूंनी पाणी आणि पिता येणारं एक थेंब नाही, अशा जागी जाणाऱ्या बोटीला तहान हे नाव! बोटीचं नाव बदलू नये असा दर्यावर्दी लोकांत जुना समज आहे. सॅपर्सनी तो मानला नाही. 'सर्वत्र' हे ज्यांचं ब्रीद, ते कशाला मानतील.

मार्गाकडे बघितलं की त्या काळाचं राजकारण दिसतं. बोट मॉरिशसवरून केप ऑफ गुड होपला वळसा घालून अटलांटिकमध्ये गेली आणि पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरली. केपचा टापू वादळांचा. तिथे कुठल्याही छोट्या बोटीने डर्बन किंवा केपटाउनला थांबून श्वास घ्यायचा, तुटलेलं सांधायचं. पण वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी भारताने 1946 पासून व्यापार तोडला होता आणि आपल्या पासपोर्टावर तो देश बाद होता. जगातल्या सर्वात वाईट समुद्रांपैकी एकात भारतीय लष्कराच्या बोटीला लागून असलेली बंदरं नाहीतच असं समजून पुढे जायचं होतं. बोटीवरच्या सामानाची यादी बनवताना याचा अर्थ काय होतो ते लक्षात घ्या. सुटे भाग जास्त न्यायचे, आणि जे नेता येत नाही ते बनवता यायला हवं. इथे इंजिनियर असण्याचा उपयोग झाला असणार.

दिलीप दोंदे 2009 मध्ये म्हादेई घेऊन एकटे निघाले तेव्हा त्यांच्या चार मुक्कामांत केपटाउन होतं. मधल्या चोवीस वर्षांत जग तेवढं बदललं होतं.

पण वहिनींच्या प्रश्नाचं खरं उत्तर तृष्णाच्याही आधीचं आहे आणि ते मुंबईच्या गोदीतलं आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा तरुण अधिकारी. त्याने मुंबईच्या कुलाबा वर्कशॉपकडून सागवानाची बत्तीस फुटी बोट बांधून घेतली. आपले सुतार वाकस आणि धनुष्याने फिरवायच्या गिरमिटाने काम करत होते. बोटीचं नाव सुहैली. आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला हे नाव देतात. सुहेल म्हणजे आपला अगस्ती तारा. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचं नाव असं फिरून एका बोटीला लागलं, हे नॉक्स-जॉन्स्टनला तेव्हा कुणी सांगितलं असेल का कोण जाणे. मुंबईत हा तारा दक्षिणेला बऱ्यापैकी वर येतो. दिल्लीत क्षितिजापासून जेमतेम आठ-नऊ अंश, म्हणजे हिवाळ्यातल्या धुरक्यात तो शोधायला ऋषीचीच दृष्टी हवी.

भाऊ आणि एक मित्र यांच्यासह तो 1965 च्या अखेरीस मुंबईहून निघाला आणि आफ्रिकेवरून 1967 मध्ये इंग्लंडला पोचला. पुढची हकीकत मी कोर्समेटला दोनदा सांगितली. एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करायची असं ठरल्यावर नॉक्स-जॉन्स्टनला सुहैली नकोच होती. त्याला मोठी पोलादी बोट हवी होती, तिचे आराखडेही तयार होते. त्यासाठी पैसे उभे करायला त्याने सुहैली विकायला काढली. ती विकली गेली नाही. पुरस्कर्तेही मिळाले नाहीत. तेव्हा नाइलाजाने, न खपलेली जुनी बोट घेऊन तो 14 जून 1968 ला फालमथहून निघाला. 22 एप्रिल 1969 ला, 312 दिवसांनी, परत आला. नऊ जण शर्यतीत होते, पूर्ण करणारा हा एकटाच.

त्या 312 दिवसांत बोटीवरचं काय काय मोडलं याची यादी माझ्या मित्राच्या जाहिरातीपेक्षा लांब आहे. सुरुवातीलाच पाण्याखालच्या फळ्यांची सांध उघडली. त्याने पाण्यात उतरून ती कापसाने भरली, वर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी ठोकली. मध्ये शार्क घिरट्या घालू लागला तेव्हा त्याला बंदुकीने गोळी घातली आणि काम पुरं केलं. दक्षिण समुद्रात बोट आडवी झाली, केबिनचे सांधे हलले. टाक्यांतलं पाणी खराब झालं, मग पावसाचं पाणी शिडातून गोळा करून प्यायलं. रेडिओ बंद पडला, त्यामुळे घरचे कित्येक महिने तो मेला की जिवंत या चिंतेत. सुकाणू-यंत्र मोडून गेलं, तेव्हा शिडंच अशी बांधली की बोट आपली आपण वाट धरेल. शेवटपर्यंत टिकल्या त्या तीन गोष्टी: सागवान, सेक्स्टंट आणि स्वतः तो. पाच हजार पौंडांचं बक्षीस मिळालं, ते त्याने याच शर्यतीत समुद्रात गेलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या बायको-मुलांना देऊन टाकलं.

"म्हणजे घे म्हणतोस," कोर्समेट म्हणाला. मी तसं म्हटलं नव्हतं.

कारण दुसरी बाजूही भक्कम आहे आणि ती मांडणारा माणूस आपल्या साताऱ्याकडचा. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी, वीरचक्र, एनडीएचे माजी कमांडंट, निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला शेतावर राहणारे. एकट्या भारतीयाने शिडाच्या बोटीतून जग फिरावं हा ध्यास त्यांनी कित्येक वर्षं धरला. बोट भारतात बांधलेली हवी, हा त्यातलाच भाग. परदेशी जुनी बोट घेतली तर माणूस फिरून येईल, पण बोट बांधणारे हात इथे तयार होणार नाहीत, असं हे गणित. म्हादेई गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात तयार झाली, छप्पन्न फुटी, आणि फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात आली. दांडेकरांनी त्याआधी अशी बोट बांधली नव्हती आणि दोंदे यांनी असा प्रवास केला नव्हता. दोघेही एकमेकांकडे बघत शिकले. बोट चालवणारा माणूस ती बांधली जाताना रोज यार्डात उभा असेल तर पुढे समुद्रात कुठल्या पॅनेलमागे कुठली वायर आहे हे त्याला शोधावं लागत नाही. जुनी बोट विकत घेणाऱ्याला हे सुख नाही. त्याला दुसऱ्याने केलेल्या दुरुस्त्या, दुसऱ्याने जोडलेल्या वायरी आणि दुसऱ्याने लपवलेली भोकं वारशात मिळतात.

म्हणून नौदलाने नवी बांधली ते बरोबर आणि सॅपर्सनी जुनी घेतली तेही बरोबर. एकाला परंपरा उभी करायची होती, दुसऱ्याला सिद्ध करायचं होतं की हे होऊ शकतं. मात्र एक गोष्ट सहज नजरेआड होते. 1 नोव्हेंबर 2012 ला अभिलाष टॉमी न थांबता प्रदक्षिणेला निघाले तेव्हा म्हादेईही सेकंडहँडच होती की! एक पृथ्वीप्रदक्षिणा आणि केपटाउन ते रिओची शर्यत तिच्या अंगावरून गेली होती. दीडशे दिवसांनी ती त्यांना घेऊन परत आली.

टॉमींचीच पुढची कथा या विषयावर काही सांगते, पण मी तिचा फार ओढून अर्थ लावणार नाही. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ते तुरियावर होते. गोव्यात दांडेकरांनीच बांधलेली, सुहैलीच्या आराखड्याची नवीकोरी बोट. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी गेली, पाठीचा कणा मोडला आणि तीन दिवसांनी फ्रेंच मासेमारी गस्त जहाजाने त्यांना उचललं. ते वादळ कुठल्याही बोटीला, जुन्या-नव्या, सोडणारं नव्हतं. 2022 च्या शर्यतीत ते उतरले ते वापरलेली रस्टलर 36 घेऊन. सुकाणू-यंत्राचे भाग मोडत गेले तसे बोटीतलंच सामान कापून नवे बनवत गेले, आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले. कण्यात टायटॅनियम घातलेल्या माणसाने.

आणि सामानासकट आयती बोट घ्यायची हौस आपल्याकडे काल-परवाची नाही. ईस्ट इंडिया कंपनीचं डर्बी जहाज 1735 मध्ये संभाजी आंग्र्यांनी मालासकट घरी आणलं होतं. सर्व्हे केला नव्हता, किंमतही दिली नव्हती.

जेवण झाल्यावर आम्ही ती यादी पुन्हा घेतली. मी माझ्या बुद्धीने खुणा केल्या. लाइफराफ्टची मुदत संपली आहे, म्हणजे तो नाही असं धरून किंमत बोलायची. डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या याची तारीख नाही, म्हणजे बदललेल्या नाहीत असं धरायचं. तीन शिडांपैकी वादळासाठीचं छोटं शीड 'न वापरलेलं' लिहिलंय, ही एकतर चांगली बातमी आहे किंवा बोट कधी मरिनाबाहेर गेलीच नाही याचा पुरावा आहे. सौर पॅनेलवर सगळं अवलंबून असेल तर बॅटऱ्या किती जुन्या ते विचार. वाऱ्याचं सुकाणू-यंत्र आहे हे उत्तम, कारण दोन माणसांच्या बोटीवर तो तिसरा खलाशी. तो जेवत नाही, कंटाळत नाही, वीज खात नाही. सेक्स्टंट शोभेसाठी नाही, तो घेच, आणि आधी तो चालवायला शीक.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "त्या तृष्णावर किती जण होते?" मी म्हटलं, एकूण दहाच्या आसपास, पाळीपाळीने, एका वेळी साधारण सहा. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही?" तो म्हणाला, "मी, आणि तू आलीस तर तू."

मला वाटलं आता वादळ. पण त्या म्हणाल्या, "आधी लंगकावीहून अंदमानपर्यंत आणून दाखवा. तोपर्यंत मी पोर्ट ब्लेअरला थांबते. नंतरचं नंतर." म्हणजे सॅपर्सनी जे केलं तेच, फक्त छोट्या अंतरावर. बाईंनी स्वानचं नाव आजच ऐकलं होतं.

त्याच रात्री कोर्समेटने बोटीच्या मालकाला पत्र लिहिलं. किंमत, कर, कागद यांचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं की बोट शेवटची खोल समुद्रात कधी गेली, कुठून कुठे, आणि त्या प्रवासाची लॉगबुकं पाहायला मिळतील का. अजून उत्तर आलेलं नाही.